गॉगल तुटला कुठे?

महागडा गॉगल तुटला की माणूस दुकानात जाऊन आधी त्याची किंमत सांगतो, मग कंपनीचे नाव. दुरुस्ती करणाऱ्याला या दोन्हींचा फारसा उपयोग नसतो. तो गॉगल हातात घेतो, काड्या उघडून-मिटून पाहतो, मोडलेल्या जागेवरून नख फिरवतो, काडीच्या आतल्या बाजूचे बारीक आकडे उजेडात धरून वाचतो. मोड कुठे आहे आणि फ्रेम कशाची आहे, एवढे कळले की दुरुस्ती होणार की नाही हे त्याच्या लेखी बहुतेक ठरलेले असते. पंचवीस हजारांचा गॉगल कायमचा निकामी ठरू शकतो आणि रस्त्यावर घेतलेला पाच मिनिटांत उभा राहू शकतो. नावाला दुरुस्तीच्या टेबलावर भाव नाही.

असे का, हे समजायचे तर हे गॉगल बनतात कुठे ते पाहायला हवे. फ्रेमवर मिलानच्या किंवा पॅरिसच्या फॅशन घराण्याचे नाव असते, पण त्या घराण्याच्या शिवणघरात चष्मे बनत नाहीत. त्यांतले पुष्कळसे येतात उत्तर इटलीतल्या बेलुनो जिल्ह्यातल्या डोंगराळ खोऱ्यांतून. तिथल्या कादोरे भागात १८७८ मध्ये चष्म्यांचा पहिला कारखाना निघाला. साफिलो ही कंपनी तिथेच १९३४ मध्ये सुरू झाली. पुढे १९६१ मध्ये लिओनार्दो देल वेक्किओ नावाच्या, मिलानच्या अनाथालयात वाढलेल्या तरुणाने आगोर्दो या गावात लुक्सोतिका काढली. जवळची तांब्याची खाण बंद पडत चालली होती आणि गावात रोजगार आणणाऱ्याला नगरपालिका जमीन द्यायला तयार होती. सुरुवातीला त्याचा कारखाना पूर्ण चष्मा बनवतच नसे. दुसऱ्या कंपन्यांना लागणारे सुटे भाग, एवढाच त्याचा धंदा. सुटे भाग विकून मोठी झालेली ही कंपनी आज जगातली सर्वांत मोठी चष्मा कंपनी आहे. तिने १९९५ मध्ये पर्सोल घेतली, १९९९ मध्ये रे-बॅन, २००७ मध्ये ओकली. फ्रान्सच्या एसिलोर या काचा बनवणाऱ्या कंपनीशी २०१८ मध्ये ती एकत्र झाली. प्राडा, शनेल, व्हर्साचे यांच्या नावाचे गॉगल परवान्यावर तीच बनवते. आपल्या गॉगलची हवी ती बिजागरी मिळणार की नाही, हे अनेकदा याच कंपनीवर अवलंबून असते. सुट्या भागांवर उभ्या राहिलेल्या घराकडेच सुट्या भागासाठी हात पसरावा लागावा, यात थोडी गंमत आहे.

या परवान्यांच्या व्यवहारात ग्राहकाची एक पंचाईत होते. घराण्याचे नाव तेच राहते आणि बनवणारा बदलतो. आर्मानीच्या चष्म्यांचा परवाना १९८८ मध्ये लुक्सोतिकाकडे आला, २००३ मध्ये साफिलोकडे गेला, २०१३ मध्ये परत लुक्सोतिकाकडे. गुच्चीचे चष्मे साफिलो बनवत असे. मालक कंपनी केरिंगने स्वतःचा चष्म्यांचा विभाग काढला आणि २०१६ अखेर तो परवाना मुदतीआधीच संपवला, त्यापोटी साफिलोला नऊ कोटी युरो मोजले. आता २०१४ सालचा गुच्ची गॉगल घेऊन आजच्या गुच्चीच्या दुकानात गेलात, तर काउंटरवरचा माणूस कितीही नम्र असला तरी त्याच्यामागे उभा असलेला कारखाना वेगळा आहे. जुन्या साच्याच्या काड्या त्याच्याकडे असतीलच असे नाही. परवाना हलला की सुटे भाग सगळ्यात आधी तुटतात, आणि जाहिरातीत ते कुणी सांगत नाही.

म्हणून काडीच्या आतले आकडे वाचायला शिकावे. रोमन अक्षरांत ‘आरबी २१४०’, पुढे ‘९०१’, मग ‘५०’, एक छोटा चौकोन, ‘२२’, आणि टोकाकडे ‘१५०’, असा मजकूर रे-बॅनच्या वेफेरर गॉगलवर असतो. पहिला आकडा मॉडेलचा, दुसरा रंगाचा. पन्नास म्हणजे एका काचेची रुंदी मिलिमीटरमध्ये, बावीस म्हणजे नाकावरच्या दोन काचांमधले अंतर, दीडशे ही काडीची लांबी. बहुतेक सगळ्या बऱ्या कंपन्या याच पद्धतीने लिहितात. शेवटी ‘३’ किंवा ‘३एन’ असेल तर तो काचेच्या गडदपणाचा दर्जा. त्याकडे पुढे येऊ. गॉगल धड असतानाच या मजकुराचा एक फोटो मोबाइलमध्ये ठेवावा, कारण घामाने आणि केसांच्या तेलाने ही छपाई उडते आणि ती उडाली की मॉडेल ओळखणे तज्ज्ञालाही जड जाते.

मॉडेलचा आकडा किती बोलका असतो, त्यासाठी वेफेररचेच पाहा. मूळचा हा गॉगल बॉश अँड लॉम्ब या अमेरिकी कंपनीने १९५२ मध्ये काढला. आज २१४० आणि २१३२ असे त्याचे दोन भाऊ विकले जातात. दुसरा आकाराने थोडा लहान. दुकानात लांबून पाहिले तर दोघे सारखेच काळे, सारखेच चकचकीत. पण २१४० अ‍ॅसिटेटच्या जाड पत्र्यातून कापलेला आहे, तर २१३२ साच्यात ओतलेला. पहिला मोडला तर जोडता येतो. दुसऱ्याचा मोड सहसा जुळत नाही. जोडला तरी तो टिकत नाही.

अ‍ॅसिटेटवर जरा रेंगाळायला हवे, कारण महागड्या गॉगलांत तेच सर्वाधिक आणि दुरुस्तीची खरी कारागिरीही तिथेच. आपल्याकडचे चष्मेवाले अशा फ्रेमला ‘शेल’ किंवा ‘शीट’ म्हणतात. हे प्लॅस्टिक खनिज तेलातून न निघता वनस्पतींच्या सेल्युलोजपासून निघते. सरकी काढल्यावर तिला चिकटून राहणारे आखूड तंतू किंवा लाकडाचा लगदा घेऊन त्यावर रासायनिक प्रक्रिया करतात. इटलीतली १८४९ साली स्थापन झालेली माझुकेल्ली ही कंपनी अशा पत्र्यांसाठी नावाजलेली आहे. वेगवेगळ्या रंगांचे थर आणि तुकडे एकत्र दाबून ठोकळा करतात, त्याचे पत्रे काढतात, पत्र्यातून यंत्राने फ्रेम कोरतात आणि मग लाकडाच्या तुकड्यांनी भरलेल्या पिंपात ती कित्येक तास, अनेकदा काही दिवस घोळवतात. रंग आरपार असल्यामुळे वरून कितीही घासले तरी तो जात नाही. जुनी, पांढरट पडलेली शेल फ्रेम पॉलिशच्या चाकावर धरली की परत झळकते, ती यामुळेच. साच्यात ओतून वर रंग मारलेल्या फ्रेमला हे जमत नाही. तिला घासले की आतला फिका रंग वर येतो.

अ‍ॅसिटेट जोडण्याची युक्ती साधी आहे आणि ती गोंदाची नाही. अ‍ॅसिटोन, म्हणजे नखांचा रंग काढायच्या कित्येक द्रवांत असतो तोच पदार्थ, अ‍ॅसिटेटला विरघळवतो. कारागीर आधी काचा काढून ठेवतो, मोडलेली दोन्ही तोंडे स्वच्छ करतो, त्यांना अ‍ॅसिटोन लावतो आणि पृष्ठभाग मऊ झाला की ती एकमेकांवर नेमकी बसवून दाबून धरतो. दोन्हीकडचे मऊ झालेले प्लॅस्टिक एकमेकांत मिसळते आणि द्रव उडून गेला की एकजीव होते. मधे फट असेल तर त्याच रंगाच्या फ्रेमचा कीस अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून ती लापशी भरतात. एक-दोन दिवस हात लावायचा नाही, मग कानसायचे, मग पॉलिश. नाकावरचा पूल मोडला असेल तर नुसत्या सांध्यावर भागत नाही, कारण गॉगल काढताना सगळा ताण तिथेच येतो. तेव्हा दोन्ही बाजूंना बारीक भोक पाडून आत धातूच्या तारेचा तुकडा बसवतात. चांगल्या हाताने केलेला असा सांधा उजेडात धरल्याशिवाय दिसत नाही, तरी मूळच्या ताकदीचा तो नसतो. एका हाताने ओढून गॉगल काढण्याची सवय असलेल्याने तो पुन्हा मोडलाच म्हणून समजावे.

आता घरोघरच्या गुन्ह्याकडे. मोड दिसला की लोक झटपट चिकटवणाऱ्या गोंदाची ट्यूब पिळतात. त्या गोंदाचा कडक, ठिसूळ थर सांध्यात बसतो आणि दोन दिवसांनी सांधा परत सुटतो. त्याची वाफ आजूबाजूला पांढरा थर सोडते, थेंब काचेवर गेला तर वरचे लेपन खराब होते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्या थरामुळे अ‍ॅसिटोन मूळ प्लॅस्टिकपर्यंत नीट पोहोचत नाही. मग कारागिराला आधी गोंद खरवडावा लागतो, त्यात फ्रेमचेही चार कण जातात, आणि एकमेकांत चपखल बसणारी तोंडे मग कधीच तशी बसत नाहीत. मोडलेले तुकडे, अगदी बारीक कपचेही, कागदाच्या पुडीत बांधून तसेच्या तसे न्यावेत.

बिजागरीचे दोन प्रकार असतात आणि ते गॉगल विकत घेतानाच पाहून ठेवण्यासारखे आहेत. फ्रेमच्या दर्शनी कोपऱ्यात धातूचे दोन-तीन ठिपके दिसतात, ते अस्सल असतील तर बिजागरीच्या रिव्हेटची डोकी असतात. रिव्हेट आरपार गेलेले असते. अशी बिजागरी काढून नवी ठोकता येते. दुसऱ्या प्रकारात बिजागरी तापवून मागच्या बाजूने प्लॅस्टिकमध्ये रुतवलेली असते. ती खेचली गेली की प्लॅस्टिकचा लचका घेऊनच बाहेर येते. तो खड्डा भरून, पुन्हा उष्णता देऊन तिला बसवणे होते, पण जागा थोडी असेल तर पकड राहत नाही. अडचण अशी की दर्शनी ठिपके आजकाल नुसते शोभेसाठीही चिकटवतात. आतून पाहिल्याशिवाय विश्वास ठेवू नये. पर्सोलच्या काडीवरचा प्रसिद्ध धातूचा बाण बिजागरीपाशीच असतो. तिथे बाजारातली कुठलीही बिजागरी बसवून चालत नाही, त्यांचीच लागते.

उष्णतेचे एक सांगून टाकतो. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीच्या काचेखाली मे महिन्यात तापमान साठ अंशांच्या वर सहज जाते आणि तेवढ्यात अ‍ॅसिटेट वाकडे व्हायला लागते. दुकानदारही फ्रेम वळवताना गरम हवेचा किंवा तापलेल्या मण्यांच्या पेटीचाच उपयोग करतो, पण बेताने. लायटरने गरम करायला जाऊ नये; त्यातही आजोबांच्या काळची, १९४०-५० च्या सुमाराची फ्रेम असेल आणि घासल्यावर कापरासारखा वास येत असेल, तर ती सेल्युलोज नायट्रेटची असण्याचा संभव आहे. ते प्लॅस्टिक भडकन पेटते.

धातूच्या फ्रेमचे दुखणे बहुतेक वेळा स्क्रूचे असते. नेहमीचा स्क्रू सव्वा-दीड मिलिमीटर जाडीचा. तो पडला तर दुकानदार गप्पा मारता मारता बसवून देतो आणि बरेचदा पैसेही घेत नाही. स्क्रूचे आटे झिजले असतील तर भोक किंचित मोठे करून नवे आटे पाडतात आणि एक माप जाड स्क्रू घालतात. स्प्रिंग असलेल्या काडीत मात्र आतली स्प्रिंग भोक जागेवरून सरकवते, म्हणून लांब शेपटीचा स्क्रू लागतो: शेपटी आधी आरपार ओढून घ्यायची, स्क्रू बसला की ती मोडून टाकायची.

डाख सुटला तर काम अवघड होते. रे-बॅनचा एव्हिएटर घ्या. १९३० च्या दशकात वैमानिकांच्या डोळ्यांसाठी निघालेली ही घडण. नाकावरचा पूल दोन ठिकाणी जोडलेला, नोजपॅडचे बारीक हात वेगळे जोडलेले. फ्रेम साध्या निकेल-तांब्याच्या मिश्रधातूची असेल तर चांदीच्या डाखाने सांधता येते. आपल्याकडे हे काम पिढ्यान्‌पिढ्या सोनारांनी केलेले आहे. ज्योत लागली की आजूबाजूचा मुलामा जळतो, त्यामुळे सांध्याभोवती नव्याने मुलामा द्यावा लागतो किंवा तो काळा डाग पदरात घ्यावा लागतो. टायटॅनियमच्या फ्रेमवर मात्र ज्योत चालत नाही. तापलेले टायटॅनियम हवेतला ऑक्सिजन ओढून घेते, पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर येतो आणि डाख धरत नाही. आर्गॉन वायूच्या आच्छादनात लेझरने सांधणे हा त्यावरचा उपाय. असे लेझर यंत्र आता दागिन्यांच्या कारागिरांकडे असते. चष्म्याच्या दुकानाने हात वर केले, तर सराफ बाजारात एकदा विचारावे. टिंब मारल्यासारखी उष्णता नेमक्या जागी जात असल्यामुळे शेजारचा मुलामाही बराच वाचतो.

साच्यात ओतलेल्या नायलॉनच्या फ्रेमवर लिहिण्यासारखे थोडेच आहे. खेळाडूंच्या आणि गुंडाळून बसणाऱ्या गॉगलांत हे प्लॅस्टिक असते. हलके, लवचीक, आणि अ‍ॅसिटोनला दाद न देणारे. ते वाकते खूप, पण मोडले की मोडले.

फ्रेम शाबूत आणि काच गेली, हा प्रकार वरवर सोपा वाटतो. काच बदलता येते, पण तीन गोष्टी जुळवाव्या लागतात. पहिली वक्रता. गॉगलची काच साध्या चष्म्याच्या काचेपेक्षा जास्त गोलाईची असते. चष्म्यात बहुधा ४ ची वक्रता चालते, गॉगलमध्ये ६, गुंडाळणाऱ्या गॉगलमध्ये ८. यातल्या ६ चा अर्थ साधारण ८८ मिलिमीटर त्रिज्येच्या चेंडूचा तुकडा, ८ चा अर्थ ६६ मिलिमीटरच्या. चपटी काच कोंबली तर ती फ्रेमला ओढते आणि एके दिवशी टपकन बाहेर पडते. नंबरची काच हवी असेल तर प्रश्न आणखी वाढतो, कारण ८ च्या गोलाईवर नंबर घासला की कडेकडेने दृश्य वाकडे दिसू लागते. त्यासाठी हिशोब वेगळा करावा लागतो आणि प्रत्येक प्रयोगशाळा तो करत नाही.

दुसरी गोष्ट गडदपणा. आंतरराष्ट्रीय मानकात ० ते ४ असे पाच दर्जे आहेत. नेहमीच्या उन्हाच्या गॉगलचा दर्जा ३. तो ८ ते १८ टक्के उजेड आत सोडतो. रे-बॅनच्या हिरवट करड्या जी-१५ काचेतला पंधरा हा आकडा याच टक्क्याचा. दर्जा ४ ची काच ३ ते ८ टक्केच उजेड सोडते. ती बर्फाळ डोंगरांवर ठीक, पण तिच्यामागून गाडी चालवायची नसते. गडदपणाचा अतिनील किरणांशी संबंध नाही, हे दुकानदारही कधी कधी विसरतात. फिकी काच ते किरण पूर्ण अडवू शकते आणि गडद काच सोडू शकते. बऱ्याच दुकानांत ते तपासायचे छोटे यंत्र असते. नवी काच बसवल्यावर तिथल्या तिथे तपासून मागावी.

तिसरी गोष्ट पोलराइज्ड काचेची. एडविन लँडने १९२९ मध्ये शोधलेल्या फिल्मची ही वारस. रस्त्यावरून आणि पाण्यावरून उसळणारी चकाकी मुख्यतः आडव्या दिशेची असते, म्हणून फिल्मची दिशा उभी ठेवतात. काच कापताना ती थोडी फिरली, तर काच दिसते नेमकी तशीच आणि काम अर्धवट करते. दोन्ही डोळे आलटून पालटून मिटून चकाकत्या रस्त्याकडे पाहिले की फरक कळतो. अशा काचांचे थर कोकणच्या खाऱ्या पाण्यात आणि उन्हात कडेने सुटू लागतात. सुटलेले थर परत चिकटवायचा उपाय नाही. ओरखडेही जात नाहीत. टूथपेस्टने घासण्याचा सल्ला ऐकणारा माणूस वरचे लेपन स्वतःच्या हाताने काढून टाकतो.

मग दुरुस्ती की नवा? हमी विचारणाऱ्यांना आधीच सांगावे लागते की कंपनीची हमी सहसा घडणीतल्या दोषाची असते, गॉगलवर बसलेल्या माणसाची नसते. बिल लागते आणि अधिकृत विक्रेत्याचेच लागते. भारत सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काबाबत जी चौकट आखायला घेतली, तिच्यात शेती अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणे आणि वाहने आली. चष्मा तिच्यात नाही. त्यामुळे कंपनी सुटी काडी देईलच असे बंधन नाही. काही देतात, काही पूर्ण नवा गॉगल सवलतीत घ्या म्हणतात. माझे मत विचाराल तर अ‍ॅसिटेटची किंवा धातूची फ्रेम, तिची घडण अजून बाजारात असेल तर, दुरुस्त करावी. ओतीव फ्रेम आणि परवाना बदललेल्या घराण्याचे जुने मॉडेल यांवर फार खर्च करू नये.

नक्कल हा शेवटचा खड्डा. स्वस्तात मिळालेल्या ‘अस्सल’ काडीचा रंग जुळतो, पण बिजागरीची दातेरी बाजू अर्धा मिलिमीटर वेगळी असते आणि बसत नाही. जुने रे-बॅन वापरणाऱ्यांना आणखी एक गुंता आहे. एकोणीसशे नव्वदच्या दशकात राजस्थानातल्या भिवाडीत बॉश अँड लॉम्बच्या भारतीय कंपनीच्या कारखान्यात रे-बॅन बनू लागले. १९९९ मध्ये ते नाव लुक्सोतिकाकडे गेले. बॉश अँड लॉम्बच्या काळातल्या काचेवर कडेला बारीक ‘बीएल’ कोरलेले असते, नंतरच्यांवर ‘आरबी’. आपला गॉगल कुठल्या काळातला आहे हे त्या दोन अक्षरांवरून समजते, आणि एका काळाचे भाग दुसऱ्या काळाच्या फ्रेमवर बसतीलच असे नाही.

सगळ्यात भरवशाचा सुटा भाग दुसऱ्या मोडक्या गॉगलमध्ये असतो. म्हणून जुने दुकानदार मोडक्या फ्रेमा टाकत नाहीत, खणात साठवतात. पूल मोडलेल्या एव्हिएटरच्या काड्या दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडतात. आपला गॉगल दुरुस्त होणार नसेल तर तो तिथेच देऊन यावा. आणि काडी मागवायची असेल तर मॉडेल, रंग, लांबी यांच्याबरोबर डावी की उजवी तेही कळवावे. डावी म्हणजे घालणाऱ्याची डावी, समोरून पाहणाऱ्याची नव्हे.